ट्रेल आम्ही साफ करायची आणि गेट त्यांनी लावायचं?

फोल्समकर:
मंडळी नमस्कार, लांबलचक लिहितोय आणि वैतागून लिहितोय, सांभाळून घ्या.

सॅक्रामेंटोच्या बाजूला फोल्समला राहतो. टोयोटाची फोररनर गाडी आहे, थोडी उचललेली, टायर बरे आहेत, बाकी फार खर्च केलेला नाही. हायवे ५० ने प्लेसरव्हिलच्या वर गेलं की जंगलच जंगल, त्यामुळे वीकेंडला कधी घरचे कधी ऑफिसातले असे मिळून कच्च्या रस्त्यांवर जायची सवय लागली. सिएरामधल्या एका नॅशनल फॉरेस्टमधे (कुठलं ते लिहीत नाही, कुणाचं नाव खराब करायचं नाहीये) एक ट्रेल आमच्या ग्रुपने जवळजवळ दत्तकच घेतली होती. बर्फ वितळला की जायचं, आडवी पडलेली झाडं ओढून बाजूला करायची, लोकांनी शेकोटीत जाळून ठेवलेले बिअरचे कॅन गोळा करायचे. आणि मुख्य काम पाण्याचं. रस्त्यावर पाणी वळवायला आडवे उंचवटे केलेले असतात, त्यांच्या तोंडाशी गाळ बसतो. तो काढला नाही तर पाणी बाजूला न जाता सरळ चाकोरीतून खाली धावतं आणि घोट्याएवढी घळ एका हिवाळ्यात गुडघ्याएवढी होते. त्यासाठी मॅक्लाऊड नावाचं अवजार असतं, एका बाजूला दंताळं, दुसऱ्या बाजूला खोऱ्यासारखं पातं, ते चालवून चालवून हाताला फोड आलेत आमच्या. फॉरेस्ट सर्व्हिसच्या रेंजर डिस्ट्रिक्टमधे, म्हणजे तिथल्या स्थानिक ऑफिसात, रिक्रिएशनचा एक भला माणूस होता, तो अवजारं द्यायचा, सह्या घ्यायचा, कधीकधी स्वतः पण यायचा.

मग वणवा आला. ट्रेलचा वरचा भाग जळला, त्यांनी बंद केली, त्यात काही चूक नाही, जळकं झाड वाऱ्याशिवाय पण पडतं. पण ती तात्पुरती ऑर्डर संपली की लगेच नवी ऑर्डर, ती संपली की अजून एक. आम्ही म्हटलं झाडं काढायला येतो, तर म्हणे चेनसॉचं सर्टिफिकेट पाहिजे. बरं म्हटलं, कोर्स कधी आहे, तर शिकवणारा माणूस नाहीये. तो भला माणूस पण गेला, त्याच्या जागी कुणीच नाही, ईमेल पाठवली की ऑटो-रिप्लाय येतो. आणि आता खालच्या टोकाला नवं कोरं लोखंडी गेट. म्हणजे गेट लावायला पैसे आहेत, माणसं आहेत! वर ऐकतोय की ट्रेल कायमची नकाशावरून काढून टाकणार.

असं कायमचं बंद करता येतं का त्यांना? आम्ही एवढं केलं त्याची कुठे काही नोंद, काही किंमत असते का? का आम्ही फुकटचे हमाल? कुणाला अनुभव असेल तर सांगा प्लीज.

डर्टबाईक_देशमुख:
गेटच्या बाजूने जायला जागा असेलच की. जा बिनधास्त. पब्लिक लँड आहे, टॅक्स आपण भरतो, ऑफरोड गाडीच्या नोंदणीचे, त्या ग्रीन स्टिकरचे पैसे आपण भरतो. ती माणसं आठवड्यातून एकदा पण वर येत नाहीत.

घाटमाथा:
देशमुख साहेब, असला सल्ला कृपया इथे देऊ नका. क्लोजर ऑर्डर मोडली तर ५००० डॉलरपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, हे प्रत्येक ऑर्डरच्या खालीच छापलेलं असतं. आणि तो फेडरल गुन्हा आहे, छोटा असला तरी. इथे अर्धे लोक ग्रीन कार्डच्या रांगेत बसलेत, उद्या फॉर्मवर "तुम्हाला कधी अटक किंवा शिक्षा" या प्रश्नापुढे काय लिहिणार, की गेटला वळसा घातला होता म्हणून? शिवाय बाजूने एक गाडी गेली की दुसरी जाते, आणि मग तोच फोटो पुढच्या रिपोर्टमधे "बेकायदा रूट" म्हणून लागतो. ट्रेल बंद करायला त्यांना आयता पुरावा देताय तुम्ही.

फोल्समकर, तुमच्या प्रश्नाकडे येतो. मी या भानगडीत बरीच वर्षं आहे, क्लबमधे कागदपत्रांचं खातं माझ्याकडेच असतं कारण बाकी कुणाला ते नको असतं 😀

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. नॅशनल फॉरेस्टमधे रस्ता जमिनीवर आहे की नाही याला महत्त्व नाही, तो एमव्हीयूएमवर आहे की नाही याला आहे. एमव्हीयूएम म्हणजे मोटर व्हेईकल यूज मॅप, तो काळापांढरा रटाळ नकाशा, ज्यावर ना डोंगर दिसतो ना नदी नीट दिसते. तो इथला सातबारा समजा. त्यावर नोंद नसेल तर तुमचे आजोबा तिथून बैलगाडी नेत होते असं सांगून उपयोग नाही. हे सगळं २००५ च्या ट्रॅव्हल मॅनेजमेंट रूलपासून. त्याआधी बऱ्याच ठिकाणी बंद अशी पाटी नसेल तर रस्ता उघडा धरायचे, नंतर उलटं झालं, नकाशावर उघडा दाखवला असेल तरच उघडा. पाटी नव्हती, कुणीतरी उपटून नेली, ही सबब चालत नाही, नकाशा बघणं ही गाडीवाल्याची जबाबदारी. मुळात निक्सनने १९७२ ला काढलेल्या ऑर्डरपासूनच ते आलंय, की गाड्यांसाठी रस्ते ठरवताना माती, पाणी, झाडझाडोरा, जनावरं आणि बाकीचे लोक यांना कमीत कमी त्रास होईल असे ठरवायचे.

आता बंद करण्याचे दोन प्रकार. एक फॉरेस्ट ऑर्डर. तिला नंबर असतो, तारखा असतात, सोबत नकाशा असतो आणि खाली फॉरेस्ट सुपरवायझरची सही. वणवा, पूर, दरड, यासाठी ही लगेच काढता येते, कुणाला विचारावं लागत नाही. तुमच्याकडे सध्या हीच लागू असणार. दुसरा प्रकार म्हणजे सातबाऱ्यावरूनच नाव उडवणं. त्यासाठी त्यांना लोकांना कळवावं लागतं, नेपाखाली म्हणजे पर्यावरणाच्या कायद्याखाली काहीतरी अभ्यास कागदावर आणावा लागतो, निर्णयाचं पत्र काढावं लागतं. म्हणजे गेट लागलं म्हणून ट्रेल गेली असं नाही. पण ऑर्डरवर ऑर्डर काढत बसले तर व्यवहारात तेच होतं हे तुमचं म्हणणं खरंय. चार हिवाळे पाणी कुणी वळवलं नाही की ट्रेल इतकी खराब होते की मग अभ्यासात "दुरुस्तीचा खर्च परवडत नाही" असं लिहायला ते मोकळे.

हे करा. फॉरेस्टच्या वेबसाईटवर सोपा नावाची यादी असते, शेड्यूल ऑफ प्रपोज्ड अॅक्शन्स, दर तीन महिन्यांनी येते, जानेवारी एप्रिल जुलै ऑक्टोबर. त्यात तुमच्या ट्रेलचं किंवा त्या भागाचं नाव आहे का ते बघा. असेल तर मुदतीत कॉमेंट लिहा, म्हणजे तुमचं लेखी म्हणणं. ऐकीव बातमीवर डोकं तापवू नका. आणि सध्याच्या ऑर्डरचा नंबर आणि शेवटची तारीख लिहून ठेवा.

सायली_आर:
मी दुसरी बाजू मांडते, शिव्या खायची तयारी ठेवून. मी वॉटरशेडमधे काम करते (सरकारी नाही, कन्सल्टिंग). तुमचं काम मी मनापासून मानते, ते चर मोकळे करणं हे जगातलं सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात कमी कौतुकाचं काम आहे. पण "आम्ही साफ केली म्हणून ट्रेल उघडी राहिली पाहिजे" हे गणित मला पटत नाही. काही ट्रेल चुकीच्या जागीच आहेत, कितीही राबा.

सिएरातली मेडो घ्या, डोंगरातली ती ओली गवताळ कुरणं. जूनमधे वरून कोरडी दिसते, गवत घोट्याएवढं, माणसाला वाटतं काय होतंय एक गाडी गेली तर. खालची माती ओलीच असते. चाक गेलं की ती दबते, दोन समांतर रेषा राहतात, पुढच्या वर्षी वितळलेल्या बर्फाचं पाणी कुरणभर पसरायच्या ऐवजी त्या दोन रेषांतून वाहतं. मग त्या रेषा खोल जातात, जमिनीतल्या पाण्याची पातळी त्यांच्या तळापर्यंत खाली उतरते, वरचं गवत सुकतं आणि त्या जागी लॉजपोल पाईनची रोपं घुसतात. एकदा पाइन आले की ती मेडो परत आणायला लाखो डॉलर लागतात. मी अशी एक चाकोरी मोजली आहे, काठावरून आत हात घातला तर कोपर बुडेल एवढी, आणि तिथून गेलेल्यातल्या प्रत्येकाला आपण एकटेच गेलो असं वाटलं असणार.

एल्डोराडो नॅशनल फॉरेस्टची केस तुम्हाला माहीत असेलच, तुमच्याच बाजूची. २००८ ला त्यांनी ट्रॅव्हल प्लॅन केला, संस्थांनी कोर्टात नेलं, २०११ ला कोर्ट म्हणालं की मेडोमधून जाणाऱ्या रस्त्यांनी पाण्याची वाट तुटायला नको असा तुमच्याच फॉरेस्ट प्लॅनमधे नियम आहे आणि तो तुम्ही तपासलाच नाहीत. त्यावरून ४२ रूट बंद झाले. रस्तेवाल्यांनी पर्यावरणवाल्यांना शिव्या घातल्या, पण चूक कुणाची? अभ्यास अर्धवट करणाऱ्यांची. मग एकेक मेडो जाऊन बघावी लागली. त्यात २०१४ ला सिएराच्या पिवळ्या पायाच्या बेडकाचं नाव एंडेंजर्डच्या यादीत गेलं, योसेमिटीचा टोड थ्रेटन्डमधे, आणि २०१६ ला त्यांचा अधिवास नकाशावर आखला गेला. म्हणजे ओढा ओलांडणारी प्रत्येक ट्रेल आता अजून एका टेबलावरून जाते.

तुमच्या ट्रेलवर ओलं कुरण किंवा ओढा आहे का? असेल तर आधी तिथलंच बघा, बाकीच्या पाच मैलांचं कुणी काही म्हणणार नाही.

फोल्समकर:
सायलीताई, शिव्या कशाला. एक ओढा आहे आणि त्याच्या अलीकडे ओलसर जागा आहे, मेडो म्हणता येईल की नाही माहीत नाही. पण आम्हीच तिथे दगड टाकून मार्ग एका बाजूला घ्यावा असं सुचवलं होतं! तेव्हा उत्तर आलं की मार्ग दहा फूट सरकवायचा तरी आर्किऑलॉजिस्ट आणि बॉटनिस्टने जागा बघितली पाहिजे, आणि ते पूर्ण फॉरेस्टला मिळून अमुक इतकेच आहेत. म्हणजे आहे त्या जागी चालवू द्यायची नाही आणि सरकवू पण द्यायची नाही. माणसाने करायचं काय.

आणि कॉमेंट लिहा, सोपा बघा, हे सगळं ठीक आहे हो घाटमाथा, पण आम्ही घाम गाळलाय तिथे. कुणीतरी सॅन फ्रान्सिस्कोत बसून ईमेल पाठवणार आणि त्याची ईमेल आणि आमची तीन वर्षं एका पारड्यात? याचाच राग येतो.

रानवाट_डेन्व्हर:
राग इकडेपण तोच. कोलोरॅडोमधे पाईक-सॅन इझाबेल नॅशनल फॉरेस्टच्या रस्त्यांचं प्रकरण २०११ मधे कोर्टात गेलं, २०१५ ला तडजोड झाली, आणि मग सगळ्या रस्त्यांचा अभ्यास नव्याने. त्या सगळ्या काळात क्लबवाले ट्रेलवर राबत होतेच, आपण राबतोय ती ट्रेल अभ्यासातून वाचणार की नाही हे माहीत नसताना. आमच्या इथले काही जुने लोक त्या काळात सोडून गेले ते गेलेच, आता फक्त स्वतःची जीप घेऊन युटाला जातात. (जाता जाता, मोआबला २०२३ मधे ३१७ मैल बंद केले ते बीएलएमने म्हणजे ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटने, फॉरेस्ट सर्व्हिसने नाही. एक इंटिरियर खात्याखाली, दुसरं शेतीखात्याखाली. फेसबुकवर लोक दोन्हीची खिचडी करून शिव्या घालतात, म्हणून लिहिलं.)

पण एक सांगतो, तुमच्याकडचा तो ऑटो-रिप्लाय हा कुणाचा आकस नाहीये. गाओ म्हणजे सरकारचेच ऑडिटर, त्यांचा २०१३ चा रिपोर्ट वाचा. १,५८,००० मैलांच्या ट्रेल, त्यातल्या ३७ टक्क्यांवर २०१२ साली काहीतरी काम झालं आणि फॉरेस्ट सर्व्हिसच्या स्वतःच्या स्टँडर्डला उतरणाऱ्या साधारण पाव. त्याच रिपोर्टमधे लिहिलंय की एजन्सी व्हॉलंटियरवर अवलंबून आहे पण त्यांना सांभाळायला, शिकवायला माणसं आणि वेळ देत नाही. २०१६ ला यावर कायदा पण केला काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, व्हॉलंटियरचं काम वाढवा म्हणून. वाढवणार कोण? तो भला माणूसच ना. २०२५ च्या फेब्रुवारीत फॉरेस्ट सर्व्हिसमधले प्रोबेशनवरचे लोक हजारोंनी काढले, त्यातल्या काहींना परत बोलावलं, काहींनी तोवर दुसरी नोकरी धरली. त्याच वर्षी सरकारी कामकाजाचं शटडाऊन, १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर, ४३ दिवस, म्हणजे हिवाळ्याआधी पाण्याची कामं उरकायचा ऐन हंगाम. सह्या घ्यायला माणूस नाही म्हणजे व्हॉलंटियरला पण फावडं हातात घेता येत नाही.

पुणेरी_पाऊल:
मी पुण्यातून वाचतोय, गाडीचा विषय नाही पण एक प्रश्न. सही नसेल तर फावडं का धरायचं नाही? आम्ही किल्ल्यांवर श्रमदान करतो, संरक्षित किल्ला असेल तर पुरातत्वची परवानगी लागते हे मान्य, पण पायवाटेवरचा कचरा उचलायला आणि झाड बाजूला करायला कोण कागद मागतं? अमेरिकेत एवढं कसलं कौतुक कागदाचं?

निशिगंध_एलए:
पुणेरी, कागद तुमच्याच भल्याचा असतो. १९७२ चा व्हॉलंटियर कायदा आहे, अॅग्रीमेंटवर सही केली की कामावर असताना इजा झाली तर तुम्हाला फेडरल कर्मचाऱ्यासारखी भरपाई मिळते, आणि तुमच्यामुळे कुणाला लागलं तर दावा तुमच्या घरावर येत नाही. सही नसताना झाड पायावर पडलं तर तुम्ही आणि तुमचा इन्शुरन्स, आणि इथल्या हॉस्पिटलचं बिल बघितलंय का कधी? 😅 कचरा उचला हो, त्याला कुणी अडवत नाही. फावडं आणि करवत आली की प्रश्न.

करवतीचं सांगते कारण मी स्वतः केलंय. फॉरेस्ट सर्व्हिसचं सॉयर सर्टिफिकेट असतं, ए बी सी अशा पायऱ्या. ए म्हणजे शिकाऊ, कुणाच्या तरी नजरेखालीच. फर्स्ट एड आणि सीपीआर आधी पाहिजे. हेल्मेट, डोळ्याला चष्मा, कानाला मफ, पायाला ते जाड चॅप्स. मुख्य भाग लाकडाचा ताण ओळखायचा: पडलेलं खोड मधे अधांतरी असेल तर वरची बाजू दबलेली आणि खालची ताणलेली, वरून सरळ कापत गेलात की करवतीचा बार चिमटीत अडकतो, आणि उतारावर असेल तर कापलेला तुकडा तुमच्याच बाजूला लोळतो. जळक्या झाडाचं तर अजून वाईट, आतून पोकळ आहे की नाही बाहेरून कळत नाही. त्यामुळे फोल्समकर, वणव्यानंतर नवशिक्यांना झाडं कापू दिली नाहीत यात मी त्यांच्या बाजूने आहे.

पण कोर्सच नाही हे उत्तर मान्य करू नका. शेजारच्या फॉरेस्टमधे विचारा, मोठ्या क्लबांकडे विचारा, इन्स्ट्रक्टर फिरते असतात. आमच्या बाजूला सॅन बर्नार्डिनोमधे क्लब ट्रेल दत्तक घेतात, तिथे मधे एक संस्था आहे जी व्हॉलंटियरचं सगळं बघते, त्यामुळे एक रेंजर बदलला म्हणून सगळं कोसळत नाही. तुमचं सगळं एका माणसावर होतं, तो गेला आणि दोर तुटला. चार जणांच्या ग्रुपऐवजी एखाद्या नोंदणी असलेल्या क्लबच्या नावाने अॅग्रीमेंट करा.

डर्टबाईक_देशमुख:
म्हणजे फुकट काम करायला पण लायसन, सर्टिफिकेट, क्लब, मिटिंग. आणि शेवटी गेट. मी तरी असल्या फंदात पडणार नाही. टेलिकोचं काय झालं बघा नॉर्थ कॅरोलायनात, पूर्वेकडचा सगळ्यात भारी ऑफरोड पार्क होता, २००९ मधे कायमचा बंद, ३९ मैल. काय तर म्हणे ट्राऊट मासा.

सायली_आर:
मासा नाही, गाळ. त्या ओढ्यात ट्रेलवरून इतकी माती जात होती की पाण्याच्या दर्जाचा राज्याचा नियम मोडत होता. ब्रूक ट्राऊट खडीत अंडी घालतो, वर गाळ बसला की अंडी गुदमरतात. टेलिको हे उदाहरण तुम्ही माझ्या बाजूने दिलंत बरं का. उतार तीव्र, पाऊस जबरदस्त, ट्रेल ओढ्याला चिकटून. तिथे नुसतं मॅक्लाऊड चालवून भागलं नसतं.

घाटमाथा:
रुबिकॉनचं पण सांगा ना मग, नेहमी हरलेल्याच गोष्टी का. रुबिकॉन ट्रेल, साधारण २२ मैल, जगभरातून जीपवाले येतात. ती वाचली त्याचं एक कारण जुना कागद: एल्डोराडो काउंटीने १८८७ मधे ठराव करून तो सार्वजनिक रस्ता म्हणून जाहीर केला होता. म्हणजे आजूबाजूची जमीन फॉरेस्टची पण रस्ता काउंटीचा. तरीसुद्धा बंद व्हायची वेळ आली होती. २००४ मधे स्पायडर लेकचा भाग बंद केला, कारण काय, माणसांची विष्ठा. हो, तेच. लोक जातात, दगडाआड बसतात, ग्रॅनाईटवर खड्डा खणता येत नाही. मग २००९ ला पाण्याच्या दर्जाच्या बोर्डाने ऑर्डर काढली, गाळ, सांडलेलं ऑईल आणि घाण, सगळं साफ करा. तेव्हा व्हॉलंटियर लोकांनी नुसती निदर्शनं नाही केली. २००१ पासून फ्रेंड्स ऑफ द रुबिकॉनवाले कामाला लागलेच होते, त्यांनी तासांच्या वह्या ठेवल्या, ओढ्यांवर पूल झाले, पाणी वळवायची कामं झाली, वॅग बॅग वाटल्या, म्हणजे आपलं आपण पिशवीत घालून परत आणायचं. ऐकायला घाण वाटतं, पण ट्रेल उघडी आहे.

फोल्समकर, तुमच्या रागाबद्दल. ईमेल आणि तीन वर्षं एका पारड्यात, असं नाहीये. पारडंच नाही तिथे. कॉमेंट म्हणजे मतदान नव्हे. हजार लोकांनी एकच कॉपी-पेस्ट पत्र पाठवलं तर ते एकच मुद्दा म्हणून धरतात. उलट तुम्ही लिहिलंत की अमुक जीपीएस पॉईंटला ओढा आहे, हा वणव्याआधीचा फोटो, हा नंतरचा, इथे आम्ही या या तारखांना चर मोकळे केले, इथे मार्ग पश्चिमेला सरकवता येईल, तर त्यांना त्याला उत्तर द्यावं लागतं. सॅन फ्रान्सिस्कोवाला हे लिहू शकत नाही, तो तिथे गेलेलाच नसतो. तुमच्या घामाची किंमत इथे वसूल होते, पण कागदावर आणली तरच. आणि मुदतीत, मुद्देसूद कॉमेंट दिली असेल तरच नंतर औपचारिक ऑब्जेक्शन घेता येतं, कॉमेंट न देणाऱ्याला नंतर कितीही ओरडलं तरी उभं करत नाहीत. २०२५ च्या जुलैत शेतीखात्याने नेपाचे आपले नियम बदलून बरंच आखूड केलंय, त्यामुळे आता वाट बघत बसू नका, कॉमेंटची खिडकी छोटी मिळेल किंवा सांगून सवरून मिळणारच नाही असं धरून चाला.

दुसरं, तासांची नोंद. कॅलिफोर्नियात ओएचव्हीचा म्हणजे ऑफ-हायवे गाड्यांसाठीचा राज्याचा फंड आहे, १९७१ च्या कायद्यातून आलेला, त्यात ग्रीन स्टिकरचे पैसे आणि पेट्रोलवरच्या टॅक्सचा काही हिस्सा जातो. त्यातून नॅशनल फॉरेस्टना ग्रँट मिळते, पण फॉरेस्टने आपला वाटा दाखवावा लागतो आणि त्या वाट्यात व्हॉलंटियरचे तास पैशात धरता येतात. म्हणजे तुम्ही सही केलेला तो कागद हा खरोखर पैसा आहे. तुमचा भला माणूस त्या सह्या उगाच घेत नव्हता. त्या शीटची कॉपी आहे का तुमच्याकडे? नसेल तर डिस्ट्रिक्ट ऑफिसकडे मागा, त्यांच्या फाईलला असणार.

फोल्समकर:
सहीच्या शीटचे फोटो आहेत काही, व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणीतरी टाकलेले. बायको म्हणाली ते सगळे "गुड मॉर्निंग"च्या खाली गाडले गेलेत, शोधतोय.

काल रात्री सोपा उघडला. आहे! ट्रेलचं नाव थेट नाही पण त्या वणव्याच्या भागाचा रिकव्हरी प्रोजेक्ट आहे आणि त्याच्या वर्णनात "रस्ते व ट्रेल व्यवस्थेत बदल" असं एक वाक्य आहे. एवढंच. त्या एका वाक्यात आमची ट्रेल बसलीये की काय कोण जाणे. स्टेटस "डेव्हलपिंग प्रपोजल" दाखवतंय, खाली एका माणसाचं नाव आणि फोन आहे, तो रिक्रिएशनचा नाही, प्लॅनिंगचा दिसतोय.

घाटमाथा:
उत्तम. म्हणजे अजून काही ठरलेलं नाही, वेळेत आहात. त्या माणसाला फोन करा, ईमेल नको. तक्रार सांगू नका, गेटबद्दल बोलू नका. फक्त विचारा की रस्त्यांच्या बदलात कुठले नंबर आहेत, आणि मला प्रोजेक्टच्या मेलिंग लिस्टवर घ्या. प्लॅनिंगवाल्याला सहसा शिव्याच ऐकायला मिळतात, कुणी शांतपणे नंबर विचारला की तो पण माणसात येतो.

सायली_आर:
ओढ्याजवळच्या जागेचे जुने फोटो असतील तर मला पाठवा, जूनमधला आणि सप्टेंबरमधला असा एकाच जागेचा असेल तर सोन्याहून पिवळं. मेडो आहे की नुसती ओल ते गवतावरून साधारण सांगता येईल. मेडो निघाली तर मी तुम्हाला ट्रेल वळवा असंच सांगेन, आधीच सांगून ठेवते.

फोल्समकर:
चालेल ताई. वळवा तर वळवा, वरपर्यंत जायला मिळालं म्हणजे झालं. निशिगंध, तुम्ही म्हणालात त्या इन्स्ट्रक्टरबद्दल पर्सनल मेसेज करतोय.

डर्टबाईक_देशमुख:
एक काम करा, कॉमेंट कुणीतरी छान लिहून इथे टाका, मी खाली नाव घालून पाठवतो. माझे दहा मित्र पण पाठवतील.

घाटमाथा:
देशमुख, वर काय लिहिलं मी? कॉपी-पेस्टचं एकच धरतात. तुम्ही त्या ट्रेलवर गेला आहात का कधी?

डर्टबाईक_देशमुख:
गेलोय दोनदा. बाईक ओढ्यात बंद पडली होती एकदा, ढकलत आणली.

सायली_आर:
तारीख आणि पाणी किती होतं ते आठवतंय का? तेवढंच लिहा.